‘शटर आयलंड’ आणि वेडाचें प्रमाणपत्र

रहस्यपटावर लिहितांना त्यांतील रहस्य फोडूं नये, असा एक शिष्टसंमत संकेत आहे. नव्या चित्रपटाच्या बाबतींत तो योग्यच होय. परंतु मार्टिन स्कॉर्सेसी या विख्यात अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘शटर आयलंड’ हा चित्रपट २०१० सालीं प्रदर्शित झाला. ज्यांना तो पाहावयाचा होता त्यांनीं तो केव्हांच पाहिला आहे. आणि ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांनींहि त्याचा शेवट कोणाच्या ना कोणाच्या तोंडून बहुधा ऐकलेला असतो. शिवाय या चित्रपटाचें जें वैगुण्य मला दाखवावयाचें आहे तें नेमकें त्याच्या उलगड्यांतच दडलेलें आहे, व तो उलगडा सांगितल्यावांचून त्याविषयीं एक वाक्यहि नीट लिहितां येत नाहीं. तेव्हां ज्या वाचकांस हें रहस्य अद्यापि राखून ठेवावयाचें असेल, त्यांनीं हा लेख चित्रपट पाहून होईपर्यंत बाजूस ठेवावा हें बरें.

या जुन्या चित्रपटाची आठवण आतांच होण्याचें कारण असें कीं, कोल्हापुराजवळच्या शिरोली एमआयडीसींत एक लहानसें रसिक मंडळ जमतें. जेथें रात्रंदिवस लोखंड वितळवून साच्यांत ओतलें जातें, अशा कारखान्यांतील कांहीं तरुण अभियंते, कारकून व कामगार महिन्यांतून एकदां एकत्र बसून एखादा नांवाजलेला चित्रपट पाहतात आणि मागाहून त्यावर बोलतात. गेल्या पावसाळ्यांत त्यांनीं ‘शटर आयलंड’ निवडला व चर्चेसाठीं मला बोलाविलें. चर्चा पुष्कळ रंगली; पण ती सारी एकाच प्रश्नाभोंवतीं फिरत राहिली. नायक वेडा होता कीं नव्हता? मोठ्या कलाकृतींतून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या मनांत पुष्कळ प्रश्न असतात. येथें एकच उरला होता, आणि तोहि कोड्याच्या स्वरूपाचा. हें असें कां व्हावें, याचा विचार करतां करतां पुढील मजकूर सुचला.

कथानक १९५४ सालांतील आहे. बोस्टन बंदराबाहेर एका खडकाळ बेटावर, गुन्हा केलेल्या मनोरुग्णांसाठीं बांधलेलें अ‍ॅशक्लिफ नांवाचें रुग्णालय आहे. रेचल सोलांडो नांवाची एक स्त्री, जिनें आपल्या तीन मुलांना पाण्यांत बुडवून मारलें, ती तेथील बंद कोठडींतून नाहींशी झाली आहे. तिच्या तपासासाठीं टेडी डॅनियल्स हा सरकारी अधिकारी आपला नवा सहकारी चक याच्याबरोबर बोटीनें बेटावर उतरतो. रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर कॉली हे बोलण्यांत अत्यंत सौम्य. पण कागदपत्रें दाखविण्याची वेळ आली कीं टाळाटाळ करणारे. वादळ सुटतें, बेटाचा बाहेरच्या जगाशीं संबंध तुटतो, आणि टेडीचा संशय बळावत जातो. येथें रुग्णांच्या मेंदूंवर अघोरी प्रयोग चालतात, त्यामागें सरकारचा पैसा आहे, आणि समुद्रकांठच्या दीपगृहांत सारें पाप दडलेलें आहे, अशी त्याची खात्री होते. आपल्या घराला आग लावून आपल्या पत्नीचा जीव घेणारा लेडिस नांवाचा इसमहि याच बेटावर आहे, असें त्याला वाटत असतें.

अखेर तो दीपगृहाच्या माथ्यावर पोहोंचतो. तेथें कॉली शांतपणें त्याची वाट पाहत बसलेले असतात. ते त्याला सांगतात कीं, टेडी डॅनियल्स नांवाचा अधिकारी कोणी नाहींच. तूंच लेडिस. गेलीं दोन वर्षें तूं येथील रुग्ण आहेस. तुझ्या पत्नीला मनोविकार होता. तिनेंच तुमचीं तीन मुलें तळ्यांत बुडविलीं, आणि तूं तिला गोळी घातलीस. तें दुःख न सोसवून तूं स्वतःला एका कल्पित कथेंत कोंडून घेतलेंस. तुला भानावर आणण्याचा शेवटचा उपाय म्हणून आम्हीं तुझी ती कथा तुझ्याभोंवतीं खरीखुरी वठविली. तुझा सहकारी चक हाच तुझ्यावर उपचार करणारा डॉक्टर होय. नायक हें क्षणभर मान्य करतो. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां जुन्याच भ्रमांत गेल्यासारखें बोलूं लागतो, आणि मेंदूवरील शस्त्रक्रियेसाठीं त्याला नेण्यांत येतें.

चित्रपटाच्या बाह्यांगाविषयीं तक्रार करावयास जागा नाहीं, हें प्रथमच नमूद केलें पाहिजे. रॉबर्ट रिचर्डसन यांचें छायाचित्रण, दान्ते फेरेत्ती यांनीं उभारलेल्या दगडी इमारती, आणि रॉबी रॉबर्टसन यांनीं विसाव्या शतकांतील पाश्चात्त्य संगीतांतून वेंचून काढलेले भयसूचक स्वर यांनीं पहिल्या दहा मिनिटांतच प्रेक्षकाचा श्वास आंखडतो. लिओनार्डो डिकॅप्रियो यांनीं नायकाचा अंतर्दाह मनापासून दाखविला आहे. डॉक्टर कॉलींच्या भूमिकेसाठीं बेन किंग्जली यांची निवड तर फारच चतुर म्हटली पाहिजे. १९८२ सालीं ज्यांनीं पडद्यावर महात्माजींची भूमिका केली, त्यांच्या मुखांतून आलेलें वाक्य असत्य मानण्यास निदान भारतीय प्रेक्षक तरी सहजासहजीं धजत नाहीं! असा सारा सरंजाम हाताशीं असतां चित्रपट फसावा, ही गोष्ट म्हणूनच विचार करण्याजोगी आहे. दुबळ्या माणसाच्या हातून घडलेली निराशा आपण विसरून जातों. समर्थाच्या हातून घडलेली मनाला लागून राहते.

पहिला दोष संभवनीयतेचा. आपल्या रुग्णांत सर्वांत धोकादायक म्हणून गणलेल्या माणसाला दोन दिवस मोकळा सोडून, डॉक्टर, परिचारिका, पहारेकरी व इतर रुग्ण या सर्वांना नाटकांतील पात्रें बनवून, भर वादळांत त्याला कड्यावरून व इमारतींतून धांवूं द्यावयाचें, हा उपचार कोणत्या वैद्यकांत बसतो? शिरोलीच्या त्या सभेंत एका तरुणानें आपल्या धंद्यांतला दाखला देऊन ही गोष्ट मोठ्या मार्मिकपणें सांगितली. तो म्हणाला कीं, कांहीं ओतीव काम वरून अगदीं गुळगुळीत दिसतें, पण आंत हवेची पोकळी राहून गेलेली असते. यंत्रावर चढवून कापूं लागल्याशिवाय ती कळत नाहीं. तथापि या दोषावर मी फारसा भर देणार नाहीं. कलेंत असंभाव्यहि खपतें, जर त्याच्या मोबदल्यांत एखादें मोठें सत्य पदरांत पडत असेल. दुष्यंताची अंगठी मासा गिळतो, ही गोष्ट आपण हंसत हंसत मान्य करतों. कारण त्या माशाच्या पोटांतून विस्मृतीचें व पश्चात्तापाचें सारें नाट्य बाहेर येतें. तेव्हां खरा प्रश्न असा कीं, या चित्रपटांतील असंभाव्याच्या बदल्यांत आपणांस काय मिळतें?

माझ्या मतें मिळत तर कांहीं नाहींच. उलट जें हातीं आलेलें असतें तेंहि जातें. नायकानें पहिल्या दीड तासांत त्या संस्थेवर कांहीं गंभीर आरोप केलेले असतात. बंद भिंतींच्या आड माणसांवर प्रयोग होत आहेत. सरकार त्यांत सामील आहे. ज्यानें तोंड उघडलें त्याला वेडा ठरविण्यांत येतें. दीपगृहांतील उलगड्यानें हे आरोप खोटे ठरतात असें नव्हे. ते आरोपच राहत नाहींत. ते रोगाचीं लक्षणें होऊन बसतात. आरोप खोटा म्हणावयाचा तर पुरावा तपासावा लागतो. लक्षण म्हटलें कीं पुराव्याची गरजच संपते, कारण बोलणाराचें बोलणें हीच त्याच्याविरुद्ध साक्ष होते. चित्रपटांत एका गुहेंत नायकाला एक स्त्री भेटते. ती सांगते कीं, एकदां माणसाला वेडा म्हणून जाहीर केलें कीं त्याचा प्रत्येक निषेध, प्रत्येक भीति ही त्या वेडाचाच पुरावा मानली जाते. संबंध चित्रपटांतील हें सर्वांत मोलाचें विधान. आणि तें ज्या पात्राच्या तोंडीं घातलें आहे तें पात्र नायकाचा निव्वळ भास ठरतें! दिग्दर्शकानें आपल्या हातानें आपलें सर्वांत खरें वाक्य खोडून टाकावें, यापरती दुर्दैवाची गोष्ट कोणती?

हे आरोप केवळ कादंबरीकाराच्या कल्पनेंतून निघालेले असते तर गोष्ट वेगळी होती. पण तसें नाहीं. मानवी मन ताब्यांत घेण्याच्या उपायांचा शोध करण्यासाठीं अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानें १९५३ सालीं, म्हणजे या कथेच्या आदल्याच वर्षीं, एक गुप्त योजना खरोखरच हातीं घेतली होती. भ्रम उत्पन्न करणारीं द्रव्यें माणसांना त्यांच्या नकळत देण्यांत आलीं. कॅनडांतील माँट्रिआल येथील एका मानसोपचार संस्थेंतील रुग्णांवरहि याच योजनेच्या पैशानें प्रयोग झाले. हें सर्व जगापुढें येऊं लागलें तें १९७५ सालापासून. ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यांत ही कथा घडते त्याच राज्यांतील ब्रिजवॉटर येथें गुन्हेगार मनोरुग्णांसाठीं असलेल्या संस्थेंत फ्रेडरिक वाइजमन यांनीं कॅमेरा नेला, आणि तेथील विटंबना जशी दिसली तशी टिपून १९६७ सालीं ‘टिटिकट फॉलीज’ हा माहितीपट तयार केला. तो सर्वसाधारण प्रेक्षकांस दाखविण्यावर तेथील न्यायालयानें घातलेली बंदी १९९१ पर्यंत उठली नाहीं. ज्या गोष्टी इतिहासानें खऱ्या ठरविल्या त्या एका करमणुकीच्या चित्रपटानें वेड्याच्या बडबडींत जमा कराव्या, हा केवळ कथारचनेचा दोष नव्हे. त्याला मी न्यायबुद्धीचा दोष म्हणतों.

येथें कोणी म्हणेल कीं, रहस्यकथेकडून एवढी अपेक्षा करणेंच गैर आहे. पण ही कथा ज्या घाटाची आहे तो घाट अडीच हजार वर्षांपूर्वींचा आहे, आणि ज्यांनीं तो प्रथम हाताळला त्यांनीं ही अपेक्षा पुरी करून दाखविली आहे. अपराध्याच्या शोधास निघालेला माणूस स्वतःच अपराधी ठरतो, हें सोफोक्लीझच्या ‘ईडिपस’ नाटकाचें बीज होय. अ‍ॅरिस्टॉटलनें त्याची वाखाणणी केली ती अशासाठीं कीं, त्यांत सत्याची ओळख आणि दैवाचा फेरा हीं एकाच क्षणीं घडतात. परंतु तेथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ईडिपस अपराधी ठरतो म्हणून थीब्झ नगरींतील रोगराई खोटी ठरत नाहीं. नगर खरें, मेलेलीं माणसें खरीं, आणि राजाचा अपराधहि खरा. ‘शटर आयलंड’मध्यें मात्र नायकाचा अपराध उघड होतांच त्याच्याभोंवतालचें नगरच विरून जातें, तेथें जें कांहीं होतें तें सोंग होतें, एवढेंच आपणांस सांगण्यांत येतें.

शेक्सपीअरच्या ‘हॅम्लेट’मध्यें तर हेंच तत्त्व अधिक ठळकपणें दिसतें. राजपुत्राचें मन विस्कटलेलें आहे आणि राजानें खून केलेला आहे, या दोन्ही गोष्टी तेथें एकाच वेळीं खऱ्या आहेत. वेडाचें सोंग कोठें संपतें व खरें वेड कोठें सुरू होतें, यावर पंडितांनीं शेकडों वर्षें वाद घातला. परंतु त्या वादाचा निकाल कसाहि लागला तरी राजाचा गुन्हा तसूभरहि कमी होत नाहीं. शेक्सपीअरला ठाऊक होतें कीं, मनानें पीडलेला माणूसहि सत्य बोलत असूं शकतो.

‘हॅम्लेट’चें नांव निघालें कीं मराठी वाचकास आगरकरांच्या ‘विकारविलसित’ या भाषांतराची आठवण होणें स्वाभाविक आहे. तें १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्या आदल्याच वर्षीं आगरकर तुरुंगांतून सुटले होते; आणि ज्या प्रकरणीं ते तुरुंगांत गेले तें प्रकरण आमच्या कोल्हापूरचेंच. ‘शटर आयलंड’ पाहतांना मला राहून राहून त्याचीच आठवण होत होती. अमेरिकन कादंबरीकार डेनिस लेहेन यांनीं २००३ सालीं आपल्या कादंबरींत जें संकट कल्पिलें, त्याच्या जातीचें एक संकट या शहरानें सव्वाशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं प्रत्यक्ष अनुभविलें होतें.

कोल्हापूरचे छत्रपति चौथे शिवाजी महाराज हे दत्तक आलेले तरुण राजे. त्यांना वेड लागलें आहे असें इंग्रज सरकारनें ठरविलें आणि १८८२ सालीं राज्याचा कारभार रीजन्सीकडे गेला. महाराजांचा छळ होत आहे व त्यामागें दिवाण रावबहादूर माधवराव बर्वे आहेत, अशा आशयाचा मजकूर त्यापूर्वींच ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांत आला होता. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांचा आधार घेऊन हा मजकूर छापला होता, तीं पत्रें न्यायालयांत खरीं ठरलीं नाहींत. १७ जुलै १८८२ रोजीं टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची सजा झाली. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढून ते २६ ऑक्टोबर रोजीं बाहेर आले. आगरकरांनीं त्या दिवसांची हकीकत पुस्तकरूपानें लिहून ठेवली आहे.

गोष्ट येथें संपली असती तर तिचा शेवट अगदीं ‘शटर आयलंड’सारखा झाला असता. आरोप निराधार ठरला, आरोप करणारे शिक्षा भोगून आले, सत्ता निर्दोष सुटली. परंतु इतिहास दीपगृहाच्या माथ्यावर थांबत नाहीं. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेवण्यांत आलें होतें. तेथें २५ डिसेंबर १८८३ रोजीं, त्यांच्या देखरेखीस नेमलेल्या ग्रीन नांवाच्या गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत त्यांचा अंत झाला. वय अवघें वीस वर्षांचें. पत्रें बनावट होतीं हें खरें. आणि त्या तरुण राजाचा कैदेंत, पहारेकऱ्याच्या हातून जीव गेला हेंहि खरें. महाराजांचें मन कितपत बिघडलें होतें, याचा निर्णय आज दीडशें वर्षांनीं देण्याचा अधिकार कोणालाच नाहीं. पण तो निर्णय कोणत्याहि बाजूस लागला तरी त्या मृत्यूचा जाब विचारण्याचा हक्क नाहींसा होत नाहीं. आजारी माणसाला जपण्याची जबाबदारी तर निरोग्याला जपण्याहून अधिकच असते.

हाच विवेक ‘शटर आयलंड’ला साधलेला नाहीं. नायक रुग्ण आहे असें ठरतांच त्याच्यावर व त्याच्या शेजाऱ्यांवर काय होत होतें, हा प्रश्नच चित्रपट टाकून देतो. सर्वांत भयंकर रुग्णांच्या काळोख्या इमारतींत आपण मघाशीं कोठड्यांतून पाहिलेलीं नागवीं, थंडीनें कुडकुडणारीं माणसें तर कोणाच्या भ्रमांतलीं नव्हतीं ना? कीं तींहि होतीं? याचें उत्तर देण्याची दिग्दर्शकास गरज वाटत नाहीं. त्यांचें काम प्रेक्षकाला दचकविण्यापुरतें होतें, आणि तें झालेलें असतें.

चित्रपटाचे चाहते यावर एक उत्तर देतात, आणि तें विचारांत घेणें उचित होईल. ते म्हणतात कीं, शेवटीं नायक जें एक वाक्य बोलतो त्यानें सारा अर्थ पालटतो. राक्षस म्हणून जगावें कीं सज्जन म्हणून मरावें, अशा आशयाचा तो प्रश्न आहे. मूळ कादंबरींत तो नाहीं. चित्रपटानें तो नव्यानें घातला आहे. त्यावरून असें वाटतें कीं, नायक भानावरच आहे, आणि आपल्या आठवणींपासून सुटण्यासाठीं तो जाणूनबुजून शस्त्रक्रिया पत्करीत आहे. वाक्य प्रभावी आहे, यांत शंका नाहीं. परंतु त्यानें फार तर नायकाला प्रतिष्ठा मिळते. संस्थेवरील आरोपांना ती मिळत नाहीं. डॉक्टरच खोटे बोलत असतील असें मानणाऱ्यांनीं चित्रपट दुसऱ्यांदा पाहावा. पहाऱ्यावरील शिपायांच्या चेहऱ्यांवरील ताण, चकच्या हाताला पिस्तूल सोडविण्याची नसलेली संवय, असे कितीतरी बारकावे डॉक्टरांच्याच बाजूनें साक्ष देण्यासाठीं जागोजागीं पेरलेले आहेत. दुसऱ्या वेळीं पाहतांना आपण दिग्दर्शकाच्या हातचलाखीचें कौतुक करतों. माणसांविषयीं अधिक कांहीं कळत नाहीं. उत्तम नाटक दुसऱ्यांदा पाहिलें म्हणजे पहिल्या वेळेपेक्षां खोल दिसतें. हें केवळ अधिक हुशार दिसतें.

आतां दुसऱ्या निराशेविषयीं. ती पहिलीपेक्षां मला अधिक लागली. या सगळ्या वादळाच्या व दीपगृहाच्या गर्दींत एक खरोखर करुण कथा दडलेली आहे, आणि ती नायकाची नसून त्याच्या पत्नीची आहे. डोलोरेसचें मन बिघडत चाललें होतें. तिनें एकदां राहत्या घराला आग लावली. त्यावर नवऱ्यानें काय केलें? तिला डॉक्टरकडे नेलें नाहीं. तळ्याकांठीं दुसरें घर घेऊन तो तिला व मुलांना तेथें घेऊन गेला. जागा बदलली कीं सारें ठीक होईल, असा त्यानें स्वतःचा समज करून घेतला, आणि एके दिवशीं कामावरून परत आला तेव्हां तीन लहान देह पाण्यावर तरंगत होते. मिशेल विल्यम्स या अभिनेत्रीनें हा प्रसंग असा उभा केला आहे कीं, क्षणभर आपण रहस्यपट पाहत आहों हेंच विसरतों. घरांतील माणसाचा आजार दिसत असून न पाहणें, हा या कथेचा खरा विषय होता. पण तो येतो शेवटच्या कांहीं मिनिटांत, कोड्याचें उत्तर म्हणून. जें कथेचें हृदय व्हावयाचें तें तिची किल्ली होऊन बसलें.

हें मी केवळ रसिकाच्या हट्टानें म्हणत नाहीं. त्या दिवशीं चर्चा संपून मंडळी पांगल्यावर, साचे भरण्याचें काम करणारे एक मध्यमवयीन गृहस्थ माझ्याजवळ येऊन थांबले. थोडा वेळ घुटमळून ते म्हणाले, “सर, माझ्या धाकट्या भावाच्या कानांत आवाज येत्यात. दोन वर्सं झाली. दवाखान्यांत घालूं म्हटलं, तर आई म्हणती, तिथं डोक्याला करंट देत्यात, माणूस कामांतनं जातोय. आजचा पिक्चर बघून मला बी आईचंच खरं वाटाय लागलंय.” दोन तास चाललेल्या आमच्या चर्चेंत कोणीहि काढला नव्हता असा हा मुद्दा होता. बेटावरचा तो नायक वेडा होता कीं नव्हता, याच्याशीं त्यांना कर्तव्य नव्हतें. भावाला रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत न्यावें कीं नेऊं नये, एवढेंच त्यांना ठरवावयाचें होतें.

मीं त्यांना जें सांगितलें तें येथेंहि सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. चित्रपटांतील काळ सत्तर वर्षांपूर्वींचा आहे, आणि त्या काळाविषयींहि चित्रपटानें अर्धीच गोष्ट सांगितली आहे. मेंदूवरील त्या शस्त्रक्रियेला १९४९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें, हें खरें. परंतु १९५२ सालीं फ्रान्समध्यें मनोरुग्णांवर प्रथम वापरलेलें क्लोरप्रोमाझिन हें औषध नेमकें १९५४ सालींच अमेरिकेंत रूढ होऊं लागलें होतें. आपल्याकडील सर्पगंधेचा उन्मादावरील उपयोग गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालींच प्रसिद्ध केला होता. तिच्यापासून काढलेल्या द्रव्याचे गुणहि नेथन क्लाइन या डॉक्टरनें न्यूयॉर्कमध्यें त्याच १९५४ सालीं जगापुढें मांडले. म्हणजे ज्या वर्षीं साखळदंड व शस्त्रें मागें सरून औषधें पुढें येऊं लागलीं, तें हें वर्ष. डॉक्टर कॉली या झगड्याचा एकदां उल्लेख करतात, आणि चित्रपट लगेच पुन्हां वादळाकडे वळतो.

आज आपल्या देशांतील स्थिति तर कितीतरी बदललेली आहे. तामिळनाडूंतील एरवाडी येथें ६ ऑगस्ट २००१ रोजीं लागलेल्या आगींत साखळ्यांनीं बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण मेले, तेव्हां सारा देश हादरला होता. २०१७ सालीं झालेला व २०१८ पासून अंमलांत आलेला मानसिक आरोग्याचा कायदा रुग्णाला साखळीनें बांधण्यास किंवा एकांतकोठडींत ठेवण्यास मनाई करतो. विजेचा उपचार करावयाचा तर भूल देऊनच केला पाहिजे, असेंहि तो सांगतो. आपल्यावर कोणते उपचार व्हावे व कोणते होऊं नयेत, हें आधींच लिहून ठेवण्याचा अधिकार त्यानें दिला आहे. आणि अन्याय झाल्यास दाद मागण्यासाठीं मंडळांची तरतूद केली आहे. कायदा झाला म्हणजे सर्व कांहीं झालें, असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. संस्थांवर पहारा ठेवावाच लागतो, आणि तो ठेवणाराला वेडा म्हणून चालत नाहीं, हेंच तर मीं वर सांगितलें. पण संस्थेवर नजर ठेवणें निराळें, आणि संस्थेच्या भयानें आजारी माणसाला माळ्यावर कोंडून ठेवणें निराळें. ‘शटर आयलंड’ दोन्हींकडून घात करतो. तो संस्थेवरील रास्त संशयाला वेड ठरवितो, आणि उपचाराला मात्र भुताटकीच्या वाड्याचें रूप देतो. प्रेक्षक घरीं नेतो ती भीति तेवढी. प्रश्न विचारण्याची हिंमत नेत नाहीं.

मनोविकाराच्या विषयांत उत्कंठा निर्माण करण्यासाठीं वादळ व दीपगृह लागत नाहीं, हें आपल्या मराठी चित्रपटानेंच दाखविलें आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २००४ सालच्या ‘देवराई’ या चित्रपटांत कोंकणांतील एक बुद्धिमान तरुण छिन्नमनस्कतेच्या आजारांत सांपडतो. अतुल कुलकर्णी यांनीं तो तरुण, आणि सोनाली कुलकर्णी यांनीं त्याला आपल्या घरीं घेऊन येणारी त्याची बहीण उभी केली आहे. तो आजारी आहे, हें आपणांस आरंभापासूनच ठाऊक असतें. लपविलेलें असें कांहीं नसतें. तरी आपण शेवटपर्यंत जीव मुठींत धरून बसतों. आज तो औषध घेईल का? बहिणीचा संसार हें ओझें पेलेल का? त्याच्या मनांतील त्या वनराईला धक्का न लावतां त्याला माणसांत आणतां येईल का? रहस्यपट जेथें संपतो तेथें या चित्रपटाची सुरुवात होते. ‘हा आजारी आहे’ हें वाक्य एकासाठीं निकाल आहे, दुसऱ्यासाठीं पहिली ओळ.

स्कॉर्सेसी यांची योग्यता मी जाणतों. म्हणूनच त्यांच्या या कृतीला साध्या रहस्यपटाच्या मापानें मोजून सोडून देणें मला प्रशस्त वाटलें नाहीं. त्यांच्या हातीं दोन मोठे प्रश्न आले होते. वेडा ठरविलेल्या माणसाचें म्हणणें कोणीं व कसें ऐकावें, हा एक. आणि घरांतील आजाराकडे माणूस पाठ कां फिरवितो, हा दुसरा. पहिला त्यांनीं उपस्थित करून मागें घेतला. दुसरा फार उशिरां आणि फार घाईनें मांडला. उरली ती फक्त चातुर्यानें बांधलेली गांठ. आणि ती सुटल्यावर हातांत दोरीखेरीज कांहीं राहत नाहीं. डोलोरेसला त्या पहिल्या आगीनंतर कोणी डॉक्टरकडे नेलें असतें तर काय झालें असतें, एवढा एक प्रश्न जरी प्रेक्षकाच्या मनांत जागा राहिला असता, तरी बाकीचे सर्व दोष मी आनंदानें विसरलों असतों.